कावळा न शिवलेलं ग्राफिक्स कार्ड

“मेल्या, नानकटाईच्या ओव्हनमध्ये काय घातलंयस हे?”

आईचा प्रश्न रास्त होता. ओव्हनच्या जाळीवर, अॅल्युमिनियम फॉइलच्या चार गोळ्यांवर आडवं निजवलेलं, पंखा आणि प्लास्टिक उतरवून उघडंबोडकं केलेलं माझं ग्राफिक्स कार्ड होतं. आदल्या रात्री ते वारलं. पडद्यावर आधी हिरव्या-गुलाबी चौकटी उठल्या, मग उभ्या रेघा, मग काळोख. गेमर मंडळींत तेव्हा एक अघोरी उपाय तोंडोतोंडी फिरत होता: कार्ड दोनशे अंशांवर आठ-दहा मिनिटं भाजायचं, गार होऊ द्यायचं आणि परत जागेवर बसवायचं. मी भाजलं. घरभर जळक्या वायरीसारखा वास सुटला. (घरच्या ओव्हनमध्ये हे अजिबात करू नका. त्या धुरात काय काय असतं ते खायच्या भांड्यांजवळ नको.) आणि कार्ड उठलं की! एकोणीस दिवस चाललं. विसाव्या दिवशी पुन्हा गेलं, या खेपेला कायमचं.

त्या एकोणीस दिवसांत मरून उठलेलं ते कार्ड काय रंगवत होतं, तर जमिनीतून उठणारी मढी. ‘सिटी ऑफ हीरोज’ या ऑनलाइन खेळात हॅलोविनचा हंगाम होता, झॉम्बींचं आक्रमण चालू होतं आणि न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या खात्यावर मी उसना सुपरहीरो होऊन त्यांना बुकलत होतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात या दोन गोष्टींची जी गाठ बसली ती सुटलेलीच नाही. सोडवायला गेलो तसतसे नवनवे धागे हाती लागत गेले. त्यातलेच काही इथे.

भट्टीतला चमत्कार

आधी ओव्हनचाच निकाल लावू. कार्डावरचं शिसंविरहित सोल्डर साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे दोनशे अंशांवर भाजून सोल्डर वितळतच नाही! मग कार्ड उठतं कसं? चिपच्या पोटाशी शेकडो बारीक टिकल्यांसारखे जोड असतात. चिप तापते-निवते, तापते-निवते, आणि त्यातल्या एखाद्या जोडाला केसाएवढी भेग पडते. ओव्हनच्या उष्णतेने सगळं थोडं प्रसरण पावतं, हलतं, भेगेचे दोन काठ पुन्हा एकमेकांना टेकतात. टेकतात, जुळत नाहीत. म्हणून काही दिवसांनी मढं परत आडवं.

माझं कार्ड कुठल्या कंपनीचं होतं ते सोडा, पण काळ असा होता की खुद्द एनव्हीडियाने जुलै २००८ मध्ये लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या कच्च्या जोडकामापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढत असल्याचं जाहीर केलं होतं. चिपा मरत होत्या, ओव्हन तापत होते.

आता आईच्या त्या ‘मेल्या’कडे वळतो. मेल्या, मुडद्या, मढं मेलं! झॉम्बी हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून चालत्याबोलत्या माणसाला प्रेत म्हणून हाक मारायची सोय मराठी आयांनी करून ठेवलेली आहे.

जिथे मेलं तर कर्ज होतं

‘सिटी ऑफ हीरोज’ अमेरिकेत २८ एप्रिल २००४ ला सुरू झाला. बनवणारे क्रिप्टिक स्टुडिओज, चालवणारे कोरियाचे एनसीसॉफ्ट. गाव पॅरागॉन सिटी, तेही थेट अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वसवलेलं. पहिला चौक अॅटलस पार्क, मधोमध पृथ्वी खांद्यावर घेतलेला भलाथोरला पुतळा. खेळाचं खरं वेड मात्र मारामारीआधीच लागायचं. आपला हीरो घडवायचा जो कारखाना होता त्यात बूट, मुखवटे, शिंगं, पंख, जबडे यांची इतकी खोगीरभरती होती, की लोक दोन-दोन तास नुसते कपडे निवडत बसत. लग्नाच्या बस्त्यासारखं. चौदाव्या पातळीला उडता यायला लागायचं, पण कपडे पहिल्याच दिवशी झकास.

या कारखान्यावरून मार्व्हलने नोव्हेंबर २००४ मध्ये खटला भरला: लोक इथे आमच्या वुल्व्हरिनच्या आणि हल्कच्या नकला बनवतायत! मग सुनावणीत निघालं भलतंच. पुरावा म्हणून दिलेल्या काही नकला मार्व्हलच्याच माणसांनी खेळात शिरून बनवल्या होत्या. न्यायालयाने तो पुरावा बाहेर काढला आणि डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही बाजूंनी समझोता केला. पुढे त्याच क्रिप्टिकने मायक्रोसॉफ्टसाठी चक्क मार्व्हलचाच ऑनलाइन खेळ बनवायला घेतला. तो २००८ मध्ये गुंडाळला गेला, पण त्याचा सांगाडा वाया गेला नाही. त्यावर दुसरी कातडी चढवून २००९ मध्ये ‘चॅम्पियन्स ऑनलाइन’ उभा राहिला. प्रेत उठवण्याचा हा धंदा खेळाच्या आतच नाही, बाहेरही जोरात होता.

आत तर विचारूच नका. या गावात हीरो मरायचा नाहीच. आडवा झाला की एक बटण दाबायचं, आपण इस्पितळात ताठ उभे! दंड एवढाच, की अनुभवाच्या गुणांचं कर्ज डोक्यावर चढायचं, आणि पुढच्या कमाईतला अर्धा हिस्सा ते फेडण्यात जायचा. मृत्यूला हप्ते लावून दिलेले.

ज्यांना इस्पितळही नको त्यांच्यासाठी एकेक तोडगे. काळोखी कवचवाल्या हीरोकडे ‘सोल ट्रान्सफर’ असायचं: आपण मरून पडलेलो, भोवती शत्रू जमलेत, की त्यांचाच जीव शोषून उठायचं. अग्निवाला फिनिक्ससारखा राखेतून स्फोट करत उठायचा. कुणाच्या खिशात जागं करणारी गोळी असायची, तिला खेळाडू लाडाने ‘वेकी’ म्हणत. पण माझी आवडती विद्या ‘फॉलआउट’. ही किरणोत्सारी हीरोंची. तुमच्या टोळीतला एखादा पडला की त्याच्या प्रेताचाच बॉम्ब करून उडवायचा! आपलाच मित्र. शिवाय ‘व्हेंजन्स’ नावाची आणखी एक करामत होती, त्यात मित्र पडला की बाकीच्यांना चेव चढायचा. परिणाम असा, की अवघड लढाईच्या तोंडाशी टोळीतली माणसं एखाद्या होतकरू गड्याला प्रेमाने सुचवायची, तू जरा पुढे होऊन मरतोस का?

अशा गावात झॉम्बीवरून वाद न होतील तरच नवल. मेलेला उठून हल्ला करतो तो झॉम्बी, मग दर दहा मिनिटांनी मरून उठणारे आपण कोण? गप्पांत यावर तासन्‌तास काथ्याकूट चाले. मला पटलेलं उत्तर: ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो हीरो, ज्याच्यावर नाही तो झॉम्बी.

मढ्यांच्या तीन जाती

गावात मढी पुरवणारे घाऊक व्यापारी निरनिराळे. नवख्यांच्या वाट्याला यायचा डॉक्टर वाझिलोक, प्रेतांचे तुकडे शिवून माणसं बनवणारा सर्जन. त्याची मढी चावत नसत, ओकत. लांबून, नेम धरून, हिरवं! पहिल्यांदा खेळायला बसलेल्या माणसाची पराक्रमाची सगळी स्वप्नं त्या एका ओकारीत वाहून जात. दुसरे ‘बॅनिश्ड पँथिऑन’वाले. हे हद्दपार देवांचे पुजारी, यांचा मुक्काम डार्क अॅस्टोरिया नावाच्या धुक्याने भरलेल्या पेठेत. तिसरी जात सर्वांत मजेशीर, कारण ती खेळाडूंच्याच मालकीची. २००५ च्या हॅलोविनला ‘सिटी ऑफ व्हिलन्स’ आला आणि त्यात ‘मास्टरमाइंड’ हा खलनायकाचा नवा प्रकार मिळाला. त्याने नेक्रोमन्सी (मढी उठवायची विद्या) घेतली की हाताखाली पलटण: तीन झॉम्बी, दोन कबरीतले सरदार, एक लिच. एकूण सहा. म्हणजे जेवायला बसल्यावर पंगतीला सहा मढी.

२००८ च्या हॅलोविनला खेळात झॉम्बींचं जाहीर आक्रमण सुरू झालं. भररस्त्यात, खेळाडूंच्या पायाखालून मढी वर येऊ लागली. आणि त्यांच्याशी लढायला धावले कोण, तर हे नेक्रोमन्सीवाले, आपापली सहा-सहा मढी घेऊन! वीस-पंचवीस खेळाडू, शंभरेक प्रेतं, त्यातलं घरचं कुठलं आणि दारचं कुठलं ते फक्त डोक्यावरच्या नावावरून कळणार. आषाढीच्या गर्दीत चप्पल शोधण्यासारखा प्रकार.

त्याच महिन्यात शेजारच्या आळीत, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्येही झॉम्बींची साथ सोडली होती. तिथे खेळाडूच झॉम्बी होत आणि दुसऱ्याला लागण देत. आठवडाभरात ती आवरती घ्यावी लागली. या खेळाला साथीचा पूर्वानुभवही होता. सप्टेंबर २००५ मध्ये ‘करप्टेड ब्लड’ नावाचा शाप, जो एका राक्षसाच्या गुहेतच राहायला हवा होता, पाळीव प्राण्यांच्या अंगातून शहरात पोचला आणि रस्त्यांवर सांगाड्यांचा खच पडला. त्यावर २००७ मध्ये साथरोगतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत गंभीरपणे लेख लिहिले.

दोष झॉम्बीचा नव्हताच

आक्रमण सुरू झालं की सगळ्यांचे संगणक रडकुंडीला येत. चित्र अडखळे, मग फोटोंची मालिका, मग पुतळे. खापर अर्थातच झॉम्बींवर. पण बिचारं मढं कार्डाला फार जड नसतं. तो एक घट्ट, अपारदर्शक ठोकळा. कार्डाने तो एकदा रंगवला की त्याच्यामागचं काहीच रंगवायला नको.

जड असतात ते हीरो. एकाभोवती बर्फाचं कवच, दुसऱ्याच्या अंगातून ज्वाळा, तिसऱ्याने टोळीतल्या प्रत्येकाला घातलेला ऊर्जेचा बुडबुडा, चौथ्याची हिरवी किरणं. हे सगळं अर्धपारदर्शक, आणि पारदर्शक वस्तूचं गणित वाईट असतं. बुडबुड्यातून मागची ज्वाळा दिसते, ज्वाळेतून बर्फ, बर्फातून रस्ता. म्हणजे पडद्यावरचा तोच एक ठिपका कार्डाला मागून पुढे एकावर एक कितीतरी वेळा रंगवावा लागतो. दिवाळीत रांगोळीच्या एकाच ठिपक्यावर वीस जणींनी आपापला रंग टाकावा तसं. जाणते खेळाडू म्हणून सेटिंगमध्ये जाऊन कणांची संख्या ठरवणारी पट्टी आधी खाली ओढत. आपल्याच पराक्रमाची रोषणाई कमी केली की झॉम्बी सुरळीत चालू लागत.

२०१० मध्ये ‘अल्ट्रा मोड’ आला आणि पुन्हा धावपळ. पाण्यात प्रतिबिंबं, खऱ्या सावल्या, कोपऱ्याकोपऱ्यात साचलेला अंधार. सहा वर्षं जुन्या गावाला नवा गिलावा. त्याआधी काही महिने खेळाडूंच्या ओठी एकच प्रश्न होता: माझं कार्ड चालेल का? बनवणाऱ्यांनी आगाऊ सांगून ठेवलं होतं की शंभर डॉलरच्या आतबाहेरचं ९८०० जीटी हे तळाचं कार्ड समजा. त्यावर थोडंफार दिसेल, सगळं हवं असेल तर खिसा मोकळा करा.

पत्रिका जुळवणं

मीही तेव्हा (ओव्हनवालं कार्ड नुकतंच पोचवून आलेलो) मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठला होता. काउंटरमागच्या काकांनी कार्डाचं नावही विचारलं नाही, थेट वीज पुरवणाऱ्या डब्यावर आले.

“एसएमपीएस किती वॅटचा?”

“साडेचारशे.”

“स्टिकरवरचे की खरे?”

मी गप्प. काकांनी मग शेल्फवरून दोन एसएमपीएस काढले आणि माझ्या दोन हातांत दिले. वॅट दोन्हींवर तेवढेच लिहिलेले, पण एक विटेसारखा जड आणि दुसरा रिकाम्या डब्यासारखा. “जड तो खरा,” काका म्हणाले. तराजूवर वीज मोजायची ही पद्धत कुठल्याच पुस्तकात नाही, पण हलक्या एसएमपीएसमध्ये तांबं आणि उष्णता शोषणारे पत्रे वाचवलेले असतात, तेव्हा अगदीच खुळी नव्हे.

कार्ड आणि संगणक यांचं जमणं म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखंच. पहिला गुण खाचेचा. १९९७ पासून कार्डं एजीपी खाचेत बसत. त्यातही जुनी ३.३ व्होल्टवाली, नवी १.५ व्होल्टवाली, आणि चुकीचं कार्ड बसू नये म्हणून कडेला वेगवेगळ्या जागी कापलेल्या खुणा. २००४ च्या जूनमध्ये इंटेलचे पीसीआय एक्स्प्रेसवाले बोर्ड आले आणि एजीपीची घरघर सुरू झाली. ‘सिटी ऑफ हीरोज’ जन्मून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते! नव्या खेळासाठी ज्यांनी हौसेने महाग एजीपी कार्डं घेतली, त्यांच्या घरात वर्ष-दीड वर्षात पुढचं कार्ड बसायला जागा उरेनाशी झाली. पीसीआय एक्स्प्रेस मात्र सुसंस्कृत घराणं निघालं. आजचं कार्ड जुन्या खाचेत आणि जुनं कार्ड आजच्या खाचेत, वेग कमीजास्त होईल, पण नांदतात.

दुसरा गुण विजेचा. खाच स्वतः देते फक्त ७५ वॅट. सहा टाचण्यांची केबल आणखी ७५ आणते, आठ टाचण्यांची १५०. २०२२ मध्ये आलेली सोळा टाचण्यांची केबल एकटी ६०० वॅटपर्यंत. त्याच वर्षीच्या आरटीएक्स ४०९० ला ४५० वॅट लागत, आणि केबल नीट आतपर्यंत ढकलली नाही तर टोक वितळल्याच्या तक्रारी आल्या. साडेचारशे वॅट म्हणजे आपल्या मिक्सरची ताकद. तासन्‌तास चटणी वाटत बसलेला मिक्सर.

तिसरा गुण लांबीचा, आणि इथे मी आपटलो. घरी येऊन कॅबिनेट उघडलं तर कार्ड हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला बोटभर अडत होतं. वडिलांची कानस घेऊन पिंजऱ्याची एक पट्टी घासली, दोन संध्याकाळी गेल्या. लोखंडाचा कीस मदरबोर्डवर पडू नये म्हणून वर आईच्या जुन्या नऊवारीचा पदर पांघरला होता. त्याची वेगळी बोलणी खाल्ली.

चौथा गुण ड्रायव्हरचा, हा नाडीदोषासारखा. बाकी अठ्ठावीस गुण जुळले तरी हा एक मोडता घालतो. हा खेळ ओपनजीएल पद्धतीने चित्र काढायचा आणि मदरबोर्डवरच्या आयत्या ग्राफिक्सला तेव्हा ते धड झेपत नसे. ऑफिसच्या लॅपटॉपवर चोरून उडू पाहणारे कितीतरी सुपरहीरो या एका दोषापायी जमिनीवर राहिले.

मेली नाही ती चिप

मघाचं ते ९८०० जीटी जुलै २००८ मधलं. त्याच्या आतली चिप मात्र ऑक्टोबर २००७ मध्ये ८८०० जीटी म्हणून आलेलीच, गणनाघटकही तेवढेच ११२. नाव बदललं, खोक्यावरचं चित्र बदललं. तिचीच जरा तालेवार बहीण १२८ घटकांची. ती आधी ८८०० जीटीएस, मग ९८०० जीटीएक्स, मग त्यापुढे अधिकचं चिन्ह, आणि मार्च २००९ मध्ये जीटीएस २५०. मधे चिपची कातणी थोडी बारीक झाली एवढाच काय तो फरक. जी९२ हे तिचं पाळण्यातलं नाव. मुलगी बघायला गेलेल्यांना तीच मुलगी चार वेगवेगळ्या साड्यांत दाखवावी तसा कारभार. चिडणारे चिडले, पण चिप होती मात्र खमकी.

नावांचीही भुतं असतात. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीने घरच्या संगणकासाठी जे कार्ड काढून धमाल उडवली, त्याचं नाव काय, तर ‘वूडू’. हैतीच्या ज्या वोदू धर्मपरंपरेतून झॉम्बी ही कल्पना जगभर गेली तेच हे नाव! त्या पहिल्या वूडूला साधा डेस्कटॉप दाखवताच येत नसे. त्यासाठी वेगळं कार्ड लागे, आणि एका बाहेरच्या केबलने चित्र एकातून दुसऱ्यात ओवून घ्यावं लागे. भूत उतरवायला जसं माध्यम लागतं तसं. शेवटीशेवटी चार चिपांचं वूडू ५ ६००० त्यांनी बनवलं, त्याला भिंतीतल्या प्लगमधून वेगळी वीज द्यावी लागणार होती आणि त्या अडॅप्टरचं नाव ‘वूडू व्होल्ट्स’. ते बाजारात आलंच नाही, नमुने तेवढे उरले. डिसेंबर २००० मध्ये कंपनीची मालमत्ता एनव्हीडियाने विकत घ्यायचं ठरलं. दोन कार्डं जोडून चालवायच्या त्यांच्या युक्तीचं ‘एसएलआय’ हे लघुनाव एनव्हीडियाने २००४ मध्ये उकरून काढलं. अक्षरं तीच, अर्थ नवा.

झॉम्बी म्हणायचं नाही

सुपरहीरो आणि झॉम्बी यांचं मुळात जमत नसे, कारण नियम आडवा होता. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्स कोड आला. मुलं बिघडतायत म्हणून प्रकाशकांनीच स्वतःला घालून घेतलेली वेसण. त्यात चालती मढी बंद. १९७१ मध्ये नियम सैल झाले, रक्तपिपासू आणि लांडगेमाणसं परत आली, कारण त्यांच्या पाठीशी नामांकित कादंबऱ्यांचं घराणं होतं. झॉम्बीचं असं कुळ नव्हतं, तो दाराबाहेरच. मार्व्हलने पळवाट काढली: रॉबर्ट ई. हॉवर्डच्या एका कथेतला ‘झुव्हेम्बी’ हा शब्द उचलला आणि मढी तीच ठेवली. उपासाला कांदा चालत नाही तर त्याला दुसऱ्या नावाने हाक मारण्यासारखं. आणि रंगीत कॉमिक्सला कोड होता, काळ्यापांढऱ्या मासिकांना नव्हता, म्हणून १९७३ मध्ये त्याच मार्व्हलने ‘टेल्स ऑफ द झॉम्बी’ नावाचं मासिक उजळ माथ्याने काढलं!

याउलट ज्या सिनेमाने आजचा झॉम्बी घडवला, त्या जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये झॉम्बी हा शब्द कुणी एकदाही उच्चारत नाही. त्यात नाव ऐनवेळी बदलताना पाट्यांवरची हक्काची ओळच गळली आणि सिनेमा पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या मालकीचा झाला. कोड सुटल्यावर कॉमिक्सवाल्यांनीही वसुली केली. २००५ पासून ‘मार्व्हल झॉम्बीज’मध्ये अख्खे सुपरहीरोच मढी होऊन एकमेकांना खाऊ लागले, आणि २००९ मध्ये डीसीच्या ‘ब्लॅकेस्ट नाइट’मध्ये मेलेले हीरो काळ्या अंगठ्या घालून उठले.

आपल्याकडे मात्र हे लग्न केव्हाच लागलं होतं. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये ली फॉकच्या फँटमला मराठीत नाव मिळालं वेताळ! प्रेतात शिरून बोलणारा, विक्रमाच्या पाठीवरचा तो. म्हणजे मराठी पोरांच्या दोन पिढ्या ज्या सुपरहीरोवर वाढल्या त्याचं नावच झॉम्बीचं. गोव्यात आणि तळकोकणात तर बेताळ ग्रामदैवत आहे. तो रात्री गावाभोवती फिरून राखण करतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. गावाचा रक्षक, रात्रपाळी, ठरलेली हद्द, पोशाखाला भक्तांचा हातभार. सुपरहीरोला आणखी काय लागतं? २०२२ मध्ये ‘झोंबिवली’ सिनेमाने डोंबिवलीत झॉम्बी सोडले तेव्हा मला वाटलं होतं, वेताळाला निदान पाहुणा कलाकार म्हणून तरी बोलवायचं.

साडेसहा वर्षं कावळा शिवला नाही

३१ ऑगस्ट २०१२ ला जाहीर झालं की ‘सिटी ऑफ हीरोज’ बंद होणार. खेळाडू अॅटलस पार्कमध्ये, सिटी हॉलसमोर, हातात मशाली घेऊन जमले. इतके, की संगणक अडखळू लागले. ३० नोव्हेंबरच्या मध्यरात्री सर्व्हर बंद झाले. शेवटच्या क्षणी पडद्यावर आला तो खेळाडूंना वर्षानुवर्षं छळणारा जुनाच निरोप, मॅपसर्व्हरशी संपर्क तुटल्याचा. एरवी तो आला की लोक शिव्या देत.

त्यानंतर पिंडाभोवती माणसं बसूनच राहिली. खेळ परत येणार, कुणीतरी विकत घेणार, कुणाकडे तरी प्रत आहे, अशा वावड्या उठत. त्या बोलणाऱ्यांना बाकीचे वेड्यात काढत. मधल्या काळात कुणी नुसता कपडे निवडायचा कारखाना चालू करून दिला, कुणी २०१५ मध्ये रिकाम्या शहरात फक्त गप्पा मारायची सोय केली. भूतबंगल्यात बसून जुन्या आठवणी काढायच्या. आणि एप्रिल २०१९ मध्ये फुटलं: काही मोजक्या लोकांनी खेळ कधीचाच उठवला होता आणि वर्षानुवर्षं गुपचूप चालवत होते! वेड्यात निघालेले खरे ठरले. आरडाओरडा झाला, संताप झाला, मग खेळाचा मूळ कोड सगळ्यांच्या हाती आला, ‘होमकमिंग’ नावाने सर्व्हर उभे राहिले, आणि जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टने त्यांना रीतसर परवाना दिला. हॅलोविनला मढी पुन्हा वर येतात. आता ती अशा कार्डांवर नाचतात, की २०१० चा अल्ट्रा मोड त्यांना जांभई देता देता झेपतो.

जुनं ते नव्यावर चालतंच असं मात्र नाही. २००६ मध्ये ‘सिटी ऑफ व्हिलन्स’ने अजिया नावाच्या कंपनीच्या ‘फिजएक्स’ कार्डाला साथ दिली होती. उडणारा कचरा, फुटणारे खोके यांचं गणित करण्यासाठी संगणकात आणखी एक वेगळं कार्ड! ते फार कुणी घेतलं नाही. २००८ मध्ये अजिया एनव्हीडियाच्या पोटात गेली आणि फिजएक्स ग्राफिक्स कार्डातच शिरलं. बॅटमॅनच्या ‘अर्कम’ खेळांतलं गुडघ्याएवढं धुकं, पायाखाली उडणारे कागद ही त्याचीच करणी. २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत या जुन्या ३२ बिट फिजएक्सचा आधार काढून टाकलेला निघाला. लाखाच्या घरातल्या कार्डावर जुना बॅटमॅन धुक्यात शिरला की अडखळू लागला. वर्षअखेरीस कंपनीने निवडक खेळांपुरता तो आधार परत दिला, पण तोवर हौशी मंडळींनी आपला तोडगा काढला होता: नव्या कार्डाशेजारी माळ्यावरचं एखादं जुनं कार्ड बसवायचं, फक्त धुकं सांभाळायला.

ते ऐकून मीही माळ्यावरचा खोका खाली काढला. ओव्हनवालं कार्ड अजून होतं, फॉइलचा एक कपटा चिकटलेला. हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. आईने ओव्हन दोन वर्षांपूर्वी बदललाय. नव्याच्या काचेवर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: फक्त खायच्या वस्तू.